‘टीचर, माझे नाव त्या यादीत आहे का?’

वाचक भगिनीचे पत्र (थोडक्यात):

आदरणीय पाळकसाहेब, सलाम. मी नगर जिल्ह्यातील एका मंडळीत गेली अकरा वर्षे संडेस्कूल शिकवते. माझा धाकटा भाऊ नोकरीनिमित्त बंगळूरला असतो. तेथे एका शास्त्राभ्यास गटात जाऊ लागल्यापासून येशू सर्वांसाठी नव्हे, तर देवाने निवडलेल्यांसाठीच मेला, असे तो मानू लागला आहे. नाताळच्या सुटीत तो घरी आला असताना मी त्याला वर्गावर बोलावले, तेव्हा ‘येशू तुझ्यासाठी मेला असे प्रत्येक मुलाला सांगणे खोटे ठरू शकते’ असे तो मुलांसमोरच बोलला. पुढच्या रविवारी एका नऊ वर्षांच्या मुलाने मला विचारले, ‘टीचर, माझे नाव त्या यादीत आहे का?’ मला उत्तर सुचले नाही. आमचे वडील भावावर इतके चिडले आहेत की फोनवरही बोलत नाहीत. पण भावाचा एक प्रश्न मलाही सुटत नाही: येशूने सर्वांच्या पापांचे प्रायश्चित्त केले असेल, तर सर्वांचे तारण का होत नाही? पवित्र सप्ताहात मला शेवटच्या भोजनाचा पाठ घ्यायचा आहे. मुलांना ‘तुझ्यासाठी’ म्हणू की नको?

प्रिय भगिनी,

सलाम. तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण पाठाची तयारी त्यावर अडून राहिली असणार. हो, म्हणा. ‘तुझ्यासाठी’ म्हणा, आणि म्हणताना आवाज खाली नेऊ नका. तसे म्हणण्याचा अधिकार तुम्हाला कशामुळे आहे, भावाच्या प्रश्नाचे काय करायचे आणि त्या मुलाला काय सांगायचे, हे आता सावकाश लिहितो. तुमचा भाऊ जे बोलला ते त्याने मनाने रचलेले नाही. त्यामागे चारशे वर्षांचा गंभीर विचार आहे, आणि तो समजून न घेता त्याला नुसते दटावून गप्प बसवणे मला पटत नाही. मात्र ते त्याने लहान मुलांसमोर बोलायला नको होते, आणि ज्या परंपरेचा तो दाखला देतो ती परंपराही या एका बाबतीत त्याच्या पाठीशी उभी राहत नाही, हे मी तुम्हाला दाखवू शकेन असे वाटते.

हा वाद ज्या रूपात तुमच्या घरात शिरला, ते रूप त्याला नेदरलँड्समध्ये मिळाले. लायडन विद्यापीठातील प्राध्यापक याकोबस आर्मिनियस १६०९ साली वारले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या विचाराच्या पाळकांनी पाच कलमांचे एक निवेदन तयार केले. त्यातील दुसऱ्या कलमाचा आशय असा की, ख्रिस्त सर्व माणसांसाठी आणि प्रत्येक माणसासाठी मेला, वधस्तंभावरील मरणाने त्याने सर्वांसाठी पापांची क्षमा मिळवली, परंतु त्या क्षमेचा प्रत्यक्ष लाभ विश्वास ठेवणाऱ्यालाच होतो. आधाराला त्यांनी योहान ३:१६ आणि १ योहान २:२ ही वचने घेतली होती. या निवेदनाचा निकाल लावण्यासाठी नोव्हेंबर १६१८ मध्ये डॉर्ड्रेख्त, म्हणजेच डॉर्ट, या शहरात राष्ट्रीय धर्मसभा भरली. ती मे १६१९ पर्यंत चालली आणि तीत इंग्लंड, जिनिव्हा, ब्रेमेन अशा बाहेरच्या ठिकाणांहून आलेले प्रतिनिधीही बसले होते. निवेदनकर्त्यांना जानेवारीतच सभेतून घालवून देण्यात आले, पुढे त्यांच्या सुमारे दोनशे पाळकांना पदे गमवावी लागली, आणि त्यांना पाठबळ देणारे सत्तरी ओलांडलेले मुत्सद्दी योहान व्हान ओल्डनबार्नेव्हेल्ट यांचा १३ मे १६१९ रोजी हेगमध्ये शिरच्छेद झाला. त्या शिक्षेमागे केवळ धर्ममत नव्हते, राजपुत्र मॉरिस यांच्याशी चाललेला सत्तेचा झगडाही होता. तरीही वडील भावाशी फोनवरसुद्धा बोलत नाहीत हे तुमच्या पत्रात वाचले, तेव्हा मला सर्वांत आधी ही तारीखच आठवली.

भाऊ ‘मर्यादित प्रायश्चित्त’ हा शब्द वापरत असेल आणि त्याला पाच मुद्द्यांची ‘ट्यूलिप’ ही इंग्रजी आद्याक्षरेही पाठ असतील. ती आद्याक्षरे विसाव्या शतकात जुळवलेली आहेत. डॉर्टच्या सभेला ती ठाऊक नव्हती, आणि ‘मर्यादित’ हा शब्द तर त्या निर्णयाचे मथळे वाचून सुचेल असाही नाही. म्हणून त्याला एवढेच विचारा, की डॉर्टच्या निर्णयाचा दुसरा अध्याय तू मुळातून वाचला आहेस का? तो फार मोठा नाही, मतांच्या खंडनाचा भाग सोडला तर नऊ कलमांचाच आहे. त्यातील तिसरे कलम म्हणते की, देवाच्या पुत्राचे मरण हे पापाबद्दलचे एकमेव आणि परिपूर्ण अर्पण आहे, त्याचे मोल अनंत आहे आणि साऱ्या जगाच्या पापांचे प्रायश्चित्त व्हायला ते भरपूर पुरेसे आहे. पाचवे म्हणते की, जो वधस्तंभावरील ख्रिस्तावर विश्वास ठेवतो त्याचा नाश होणार नाही, हे अभिवचन पश्चात्तापाच्या आणि विश्वासाच्या आज्ञेसह, देव ज्या ज्या लोकांकडे सुवार्ता पाठवतो त्या सर्वांना भेदभाव न करता सांगितले पाहिजे. सहावे म्हणते की, सुवार्ता ऐकूनही जे विश्वास ठेवत नाहीत त्यांचा नाश ख्रिस्ताच्या यज्ञात काही उणे होते म्हणून होत नाही, तर त्यांच्या स्वतःच्या दोषाने होतो. एवढे झाल्यावर आठवे कलम येते, आणि भावाचे मत तेथे आहे: त्या मरणाचा तारण करणारा परिणाम निवडलेल्या सर्वांपर्यंत आणि केवळ त्यांच्यापर्यंतच पोहोचावा, हाच पित्याचा हेतू होता.

म्हणजे यज्ञाचे मोल किती, यावर वाद नव्हता. सुवार्ता कोणाला सांगावी, यावरही नव्हता. ख्रिस्ताचे मरण सर्वांना पुरेसे आहे पण परिणामकारक निवडलेल्यांसाठी आहे, हे सूत्र धर्मशास्त्रज्ञ पीटर लोम्बार्ड यांनी बाराव्या शतकातच मांडून ठेवले होते, आणि निवाडा करणाऱ्यांच्या मनात ते होतेच. वाद होता तो मरणामागच्या हेतूचा. मरणाकडे जाताना पुत्राच्या आणि पित्याच्या मनात नेमके कोण होते? हा प्रश्न क्षुल्लक नाही, पण तो देवाच्या मनाविषयीचा आहे. संडेस्कूलच्या बाकांवर बसलेल्या मुलांपैकी कोणाला बोलवायचे आणि कोणाला वगळायचे याच्याशी त्याचा संबंध नाही. तुमच्या भावाने आठवे कलम उचलून ते पाचव्या कलमाच्या जागी ठेवले, एवढीच त्याची चूक आहे.

आणखी एक गोष्ट त्या सभेतलीच. इंग्लंडहून आलेल्या मंडळात जॉन डेव्हनंट आणि सॅम्युएल वॉर्ड हे दोघे होते. अँग्लिकन मंडळीच्या एकतिसाव्या विश्वासकलमात ख्रिस्ताचे अर्पण साऱ्या जगाच्या सर्व पापांसाठी आहे असे स्पष्ट लिहिलेले असल्यामुळे, त्याला छेद देणारे काही मान्य करण्याची त्यांची तयारी नव्हती. ख्रिस्त खरोखरच सर्वांसाठी मेला, या अर्थाने की जो कोणी विश्वास ठेवील त्याचे तारण होईल. आणि निवडलेल्यांसाठी तो याहून विशेष अशा हेतूने मेला, की त्यांना तो विश्वासही मिळावा, असे त्यांचे मत होते. ब्रेमेनच्या काही प्रतिनिधींचा कलही तसाच होता. हे लोक सभेतून उठून गेले नाहीत; दुसऱ्या अध्यायाचे शब्द त्यांना सही करता येईल अशा रीतीने ठरले आणि त्यांनी सही केली. डॉर्टच्या छपराखाली एकाहून अधिक मते मावत होती, हे बंगळूरच्या गटात सांगितले जाते की नाही कोण जाणे.

आता त्या अडलेल्या प्रश्नाकडे येऊ. त्यातला अर्धा गुंता आपल्या भाषेतील शब्दांचा आहे. मराठी पवित्र शास्त्राने ‘प्रायश्चित्त’ हा शब्द घेतला, आणि दुसरा जवळचा शब्द नव्हता म्हणून घेतला, यात चूक काही नाही. पण आपल्याकडच्या हिंदू धर्मशास्त्रांत आणि रोजच्या बोलण्यात प्रायश्चित्त करतो तो ज्याच्या हातून दोष घडला तोच. एकाच्या दोषाचे प्रायश्चित्त दुसऱ्याने केले, असे कोणी म्हणत नाही. ख्रिस्ती शिकवणुकीने नेमकी तीच गोष्ट उलटी केली: दोष आपला, प्रायश्चित्त त्याचे. आपण ते उलटणे स्वीकारतो खरे, पण जुन्या शब्दाची एक सवय मागे राहून जाते. प्रायश्चित्त उरकले की दोष मिटला, पुढे काही उरले नाही, अशी ती सवय. दुसरा शब्द ‘खंडणी’. प्रभूने आपला जीव पुष्कळांसाठी खंडणी म्हणून दिला, असे मार्क १०:४५ मध्ये आहे. हल्ली वर्तमानपत्रांमुळे हा शब्द ऐकला की डोळ्यांसमोर पोलीस ठाणे येते, ते सोडून द्या. मुद्दा असा की, या शब्दाने सुटकेच्या व्यवहाराला हिशोबाचे रूप येते, आणि हिशोब म्हटला की एकदा चुकती केलेली रक्कम दुसऱ्यांदा मागता येत नाही.

नेमके हेच सूत्र धरून इंग्लंडमधील धर्मशास्त्रज्ञ जॉन ओवेन यांनी १६४७ साली आपला युक्तिवाद रचला, आणि तुमच्या भावाचा प्रश्न त्यांच्यापासूनच आला आहे, मग तो त्याने कोणाच्याही तोंडून ऐकलेला असो. ओवेन म्हणतात, ख्रिस्ताने शिक्षा सोसली ती एकतर सर्व माणसांच्या सर्व पापांसाठी, किंवा काही माणसांच्या सर्व पापांसाठी, किंवा सर्व माणसांच्या काही पापांसाठी. तिसरे खरे असेल, तर प्रत्येकाच्या पदरी काही पापे उरतातच आणि कोणाचेच तारण होत नाही. पहिले खरे असेल, तर सर्वांची सुटका का होत नाही? अविश्वासामुळे, असे म्हणाल, तर अविश्वास हे पाप आहे की नाही? पाप असेल, तर ख्रिस्ताने त्याचीही शिक्षा सोसली आहे. मग त्या कारणाने कोणाचा नाश कसा होईल? म्हणून दुसरे. हा तर्क हसण्यावारी नेण्यासारखा नाही. तुम्हाला तो सुटला नाही याचा अर्थ तुमचा विश्वास कच्चा आहे असा नाही. भल्याभल्यांना तो सुटलेला नाही.

मला तो जिथे उसवताना दिसला, ती जागा सांगतो. पाळकपणाच्या सुरुवातीच्या वर्षांत मी एकदा वेदीवरून कर्जाचा दृष्टान्त दिला होता: जामीनदाराने कर्ज भरले की पतसंस्था कर्जदाराकडे पुन्हा वसुलीला येत नाही, तसेच आपले आहे. दृष्टान्त चांगला जमला असे मला वाटले होते. उपासना संपल्यावर मंडळीतील एक वृद्ध गृहस्थ, जन्मभर पतसंस्थेत लेखनिक म्हणून काम केलेले, दाराशी थांबले आणि म्हणाले, ‘पाळकसाहेब, मी चाळिसाव्या वर्षी विश्वासात आलो. माझे कर्ज वधस्तंभावरच फिटले असेल, तर मधली चाळीस वर्षे माझे खाते चालू होते की बंद?’ मी काही तरी बोलून वेळ मारून नेली. घरी येऊन इफिसकरांस पत्राचा दुसरा अध्याय उघडला, आणि त्यात पौल विश्वासणाऱ्यांनाच लिहितो की आपणही इतरांप्रमाणे स्वभावतः क्रोधाची प्रजा होतो. निवडलेले होते, त्यांच्यासाठी ख्रिस्त मेलेला होता, आणि तरीही विश्वासात येईपर्यंत ते क्रोधाखाली होते. केवळ रक्कम भरली गेल्याने आपोआप सुटका होत असती, तर हे वाक्य लिहिताच आले नसते. याचा अर्थ, वधस्तंभावर जे घडले ते आणि ते माझ्या खात्यावर पडणे, या दोहोंमध्ये एक दार आहे. ते दार विश्वासाचे आहे, आणि ते निवडलेल्यांच्याही वाटेत आहे. मग ज्याच्यासाठी ख्रिस्त मेला तो त्या दारापाशी आला नाही तर बाहेर राहील, यात देवाने दोनदा वसुली केली असे होत नाही. त्या लेखनिकाने ओवेनचे नावही ऐकले नव्हते.

पापाचे ऋण पैशाच्या ऋणासारखे नाही, हे पुढे अनेकांनी मांडले, आणि त्यांत निवडीची शिकवण ठामपणे मानणारेही होते. पैसे कोणीही भरले तरी सावकाराला ते घ्यावेच लागतात आणि कर्जदार तत्काळ मोकळा होतो. अपराध्याच्या जागी दुसऱ्याने शिक्षा सोसणे हे मात्र न्यायाधीशाने कृपेने मान्य करायचे असते, आणि त्याचा लाभ कोणाला कोणत्या अटीवर व केव्हा मिळावा, हेही तोच ठरवतो. या उत्तराने ओवेनचा तर्क पूर्ण कोसळतो असे मी म्हणत नाही. विश्वास हेदेखील देवाचेच दान असेल, तर ते काहींना मिळते आणि काहींना का मिळत नाही, हा प्रश्न त्या दाराच्या अलीकडे तसाच उभा राहतो, आणि तो आर्मिनियसच्या बाजूच्या लोकांनाही चुकत नाही. एक तिसरी वाटही आहे: ख्रिस्त सर्वांसाठी मेला, म्हणून शेवटी सर्वांचेच तारण होईल. ओरिजेन या प्राचीन ख्रिस्ती विचारवंतापासून अधूनमधून कोणी ना कोणी ती आशा बोलून दाखवली आहे. प्रभूने स्वतः नाशाकडे नेणाऱ्या रुंद दरवाजाविषयी जे सांगितले ते वाचून मला त्या वाटेने जाता येत नाही.

शास्त्रवचनांचे पारडे कोणत्या बाजूला झुकते, असे तुम्ही स्पष्ट विचारलेले नाही, पण ते मनात आहे हे कळते. भाऊ योहान १० काढील: मेंढपाळ मेंढरांसाठी जीव देतो, आणि काहींना प्रभू म्हणतो की तुम्ही माझी मेंढरे नाही. तो योहान १७:९ काढील, जेथे प्रभू जगासाठी नव्हे तर पित्याने दिलेल्यांसाठी प्रार्थना करतो; आणि इफिसकरांस ५:२५, जेथे ख्रिस्ताने मंडळीसाठी स्वतःला दिले. ही वचने खरी आहेत आणि गोडही आहेत. पण मेंढरांसाठी जीव दिला म्हटल्याने इतर कोणासाठी दिलाच नाही, असे ठरत नाही. पौल गलतीकरांस २:२० मध्ये ख्रिस्ताने ‘माझ्याकरिता’ स्वतःला दिले असे म्हणतो, तेव्हा पेत्राला तो वगळत नसतो. दुसऱ्या बाजूला १ तीमथ्य २:६ मध्ये ‘सर्वांसाठी’ आहे, इब्री २:९ मध्ये ‘प्रत्येकासाठी’ मरणाचा अनुभव घेणे आहे, आणि २ पेत्र २:१ मध्ये तर नाशाकडे जाणारे खोटे शिक्षक ‘ज्याने त्यांना विकत घेतले’ त्या स्वामीलाच नाकारतात. ‘सर्व’ म्हणजे सर्व प्रकारचे लोक, आणि ‘जग’ म्हणजे यहुद्यांबरोबर परराष्ट्रीयही, असा अर्थ करता येतो, काही ठिकाणी तो करावाही लागतो. पण १ योहान २:२ मध्ये योहान ‘केवळ आपल्याच नाही तर’ असे म्हणून मग जगाकडे वळतो, तेथे तो अर्थ मला ओढून आणलेला वाटतो; कारण त्याच पत्राच्या शेवटी सारे जग त्या दुष्टाच्या अधीन आहे असे तो लिहितो, आणि ते जग निवडलेल्यांचे नक्कीच नाही. म्हणून माझे मत डेव्हनंट यांच्या जवळ जाते. तुमच्या भावाचे मत तसे नाही. हे मतभेद एकाच मंडळीत राहून सांभाळता येतात. आपल्याकडे ते सांभाळले गेलेही आहेत.

तुम्हाला हे ठाऊक आहे का, की मराठी नवा करार १८११ साली पहिल्यांदा छापला गेला तो बंगालमध्ये, श्रीरामपूरच्या छापखान्यात, आणि त्यामागचा विल्यम कॅरी हा मनुष्य तुमच्या भावाच्याच पक्षातला होता? ज्या संस्थेने त्याला भारतात पाठवले तिच्या नावातच ‘पर्टिक्युलर बॅप्टिस्ट’ असे शब्द होते, म्हणजे ख्रिस्ताने विशिष्ट लोकांचीच सुटका केली असे मानणारे बॅप्टिस्ट. त्यांच्यातील कित्येक पाळक कॅरीच्या आधीच्या पिढीत अगदी तुमच्या भावासारखेच अडले होते: समोरचा माणूस निवडलेला आहे की नाही हे ठाऊक नसताना त्याला ‘ये, विश्वास ठेव’ असे म्हणायचे कसे? ते म्हणतच नसत. हा गळफास सोडवला केटरिंगच्या अँड्र्यू फुलर या पाळकाने. १७८५ साली त्याने ग्रंथ लिहून दाखवून दिले की, सुवार्ता ऐकणाऱ्या प्रत्येकाचे विश्वास ठेवणे हे कर्तव्य आहे, म्हणून प्रत्येकाला बोलावणे हे सांगणाऱ्याचेही कर्तव्य आहे. माणसाने ख्रिस्ताकडे यायचे ते आपले नाव निवडलेल्यांत आहे असे आधी शोधून काढून नव्हे, तर त्याला बोलावले आहे म्हणून. आणि फुलरने निवडीची शिकवण सोडली नव्हती. सात वर्षांनी, २ ऑक्टोबर १७९२ रोजी, केटरिंगमधील एका विधवेच्या घरात मोजकी मंडळी जमली, त्यांनी आपापल्या देणगीचे आकडे चिठ्ठ्यांवर लिहून फुलरच्या तपकिरीच्या डबीत टाकले, आणि बेरीज झाली १३ पौंड २ शिलिंग ६ पेन्स. त्या डबीतून निघालेला माणूस पुढच्या वर्षी बंगालला पोहोचला. श्रीरामपूरच्या त्या भाषांतराची मराठी फारशी चांगली नव्हती आणि मुंबईतील अमेरिकन मिशनऱ्यांनी लवकरच आपले वेगळे भाषांतर केले, पण तो मुद्दा निराळा. निवडीवर विश्वास असूनही समोरच्या प्रत्येकाला बोलावणारी माणसे होती म्हणूनच ते पुस्तक मराठीत आले, हे भावाला सांगा. रागाने नको, ऐकण्यासारखी गोष्ट म्हणून सांगा.

आता तुमचा पाठ. शेवटच्या भोजनाचे चारही वृत्तान्त वाचा, पण वर्गात लूक २२ घ्या. एकोणिसाव्या वचनात प्रभू भाकर मोडून देतो आणि हे माझे शरीर तुमच्यासाठी दिले जात आहे, असे म्हणतो. विसाव्यात प्याला येतो आणि तुमच्यासाठी ओतले जाणारे रक्त येते. आणि लगेच एकविसाव्यात तो म्हणतो, मला धरून देणाऱ्याचा हात माझ्याबरोबर मेजावर आहे. लूकने जो क्रम ठेवला आहे त्यात ‘तुमच्यासाठी’ हा शब्द धरून देणाऱ्या यहूदाच्याही कानांवर पडतो. काही अभ्यासक म्हणतात की लूक येथे घटना घडल्या त्या क्रमाने सांगत नाही आणि यहूदा त्याआधीच उठून गेला असावा. तसे असू शकेल, म्हणून या एका जागेवर सारा वाद जिंकल्याच्या थाटात भावाला फोन करू नका. मला यातून एवढेच घ्यायचे आहे की, प्रभूने मेजाभोवतीच्या लोकांची छाननी करून मग भाकर मोडली, असे लूकने लिहिलेले नाही. तुमच्या मंडळीतही अँग्लिकन वळणाची उपासना होत असेल, तर प्रभुभोजनाच्या वेळी पाळक प्रत्येकापुढे थांबून ख्रिस्ताचे शरीर ‘तुझ्यासाठी’ दिले, असे एकवचनात म्हणतात. सोळाव्या शतकापासून ते तसेच म्हटले जाते, आणि ते म्हणणाऱ्यांत निवडीची शिकवण मानणारे कित्येक जण होऊन गेले. त्यांना ते खोटे वाटले नाही. वर्गात भाकरीचा खरा तुकडा न्या, मेजावर प्रत्येकाचा हात ठेवायला सांगा आणि मग ती तीन वचने वाचा. समजावून फार सांगू नका.

वडिलांबद्दल थोडेच लिहितो, कारण त्यांनी मला पत्र लिहिलेले नाही. इंग्लंडमधील प्रवचनकार जॉन वेस्ली आणि जॉर्ज व्हाइटफील्ड हे सख्ख्या भावांसारखे मित्र या एकाच विषयावर १७३९ च्या सुमारास वेगळे झाले. वेस्लीने निवडीच्या शिकवणीविरुद्ध प्रवचन छापले, व्हाइटफील्डने त्याला जाहीर पत्राने उत्तर दिले, आणि दोघांचे अनुयायी एकमेकांपासून जे दूर गेले ते गेलेच. पण ते दोघे स्वतः काही वर्षांत पुन्हा बोलू लागले, मत कोणीही बदलले नाही, आणि १७७० साली व्हाइटफील्ड वारला तेव्हा त्याच्याच इच्छेप्रमाणे लंडनमध्ये स्मृतिप्रवचन वेस्लीने दिले. वडिलांना हे वाचून दाखवा आणि मुलाला फोन करायला सांगा. फोनवर दुसऱ्या कोणत्याही विषयावर बोलले तरी चालेल.

राहिला तो मुलगा. त्याने विचारलेला प्रश्न डॉर्टलाही ठाऊक होता. पहिल्या अध्यायाच्या बाराव्या कलमात असे आहे की, आपण निवडलेले आहोत ही खात्री देवाच्या गूढ आणि खोल गोष्टींत कुतूहलाने डोकावून मिळत नाही. ख्रिस्तावरील खरा विश्वास, देवाचे पुत्रासारखे भय, पापाबद्दलचे दुःख आणि नीतिमत्त्वाची भूक, ही फळे स्वतःमध्ये पाहून ती मिळते. जिनिव्हाच्या कॅल्व्हिन या धर्मसुधारकाने त्याहीआधी लिहून ठेवले होते की निवड पाहायचा आरसा ख्रिस्त आहे, आणि स्वतःच्या आत शोधू गेलात तर ती सापडणार नाही. नऊ वर्षांच्या मुलाला यातले काही सांगायची गरज नाही. त्याला योहान ६:३७ वाचायला द्या. त्या एकाच वचनात दोन्ही गोष्टी आहेत: पिता ज्यांना देतो ते सर्व येतील, हे तुमच्या भावाचे, आणि जो माझ्याकडे येतो त्याला मी घालवून देणार नाही, हे त्या मुलाचे. त्याला सांगा, ती यादी मी पाहिलेली नाही, तुझ्या मामांनीही पाहिलेली नाही आणि पाळकसाहेबांनीही नाही. पण येशूने ‘ये’ म्हटले आहे, आणि त्याने तुला ये म्हटले आहे हे मला नक्की ठाऊक आहे. (तुमचा भाऊ वर्गातल्या मुलांचा मामाच ना? आपल्याकडे टीचरचा भाऊ म्हणजे मामाच.) त्यानंतर तो आणखी काही विचारील, कारण असे प्रश्न विचारणारी मुले एका उत्तरावर थांबत नाहीत. तेव्हा घाई करू नका. आणि त्या रविवारी उपासना सुटल्यावर त्याच्या आईलाही गाठा. हा प्रश्न त्याने घरी नेला असणार, आणि तेथे त्याला काय उत्तर मिळाले हे तुम्हाला समजायला हवे.

तुमचा,
सदरलेखक